सात फुटांत मावणारी लेन्स

पहिल्यांदा चष्मा लावलेलं मूल आधी एकदम गप्प होतं. मग ते दाराकडे बघतं, रस्त्यापलीकडच्या पाटीकडे बघतं आणि शेवटी आईच्या तोंडाकडे. "आई, तुझ्या गालावर तीळ आहे?" असं एका पाच वर्षांच्या मुलाने विचारलं, तेव्हा त्याची आई दुकानातच खुर्चीवर बसून रडायला लागली होती. दुसऱ्या एकीने बापाला निरखून जाहीर केलं होतं, "बाबा, तुमच्या नाकात केस आहेत." तो बाप हसत सुटला होता.

मावशीने हे चेहरे बावीस वर्षं पाहिले. चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवण्याचं काम तिचं. डॉक्टरांनी नंबर लिहून द्यायचा, मालकांनी काचा मागवायच्या आणि मावशीने त्या मुलाच्या नाकाकानांवर नीट बसवायच्या. आसपासची सगळी पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून त्यांचे आईबापही मावशीच म्हणायचे. मालक तेवढे "बाई" म्हणत.

हे चेहरे फोटोत पकडावेत असं तिला फार वाटायचं. फोनवर तिने कितीदा प्रयत्न केला. पण ट्यूबलाइटच्या उजेडात मूल हलायचं आणि फोटोत नाकाच्या जागी धूर यायचा. नाही हललं, तर दोन्ही काचांवर पांढरे डाग. डोळे गायब.

तिच्या स्वतःच्या लहानपणचे अकरा फोटो घरी होते. सहाव्या वर्षापासून तिला जाड भिंगांचा चष्मा, पण एकाही फोटोत तो नव्हता. प्रत्येक फोटोवाला एकच सांगायचा, "चष्मा काढ बाळ, काच चमकते." चष्मा काढला की तिला ना कॅमेरा दिसायचा ना फोटोवाला. आवाज येईल त्या दिशेने ती हसायची. अकराच्या अकरा फोटोंत एक अनोळखी, भांबावलेली मुलगी कुठेतरी भलतीकडेच बघत हसत होती.

तरीही कॅमेरा घ्यायचा असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ते आलं मुंगीमुळे.

मुंगी सात वर्षांची. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून घरी-दारी मुंगी. प्लसचा मोठा नंबर असल्यामुळे काचांमागे तिचे डोळे दुप्पट दिसायचे. चष्मा बसवला त्या दिवशी ती अर्धा तास दुकानात फिरून प्रत्येक डबीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होती. मग बापाने फोन काढला आणि अगदी लाडाने म्हणाला, "चल, एक फोटो. चष्मा काढ बरं, छान दिसशील."

मुंगीने चष्मा काढला. तो काढताना तिचा चेहरा कसा उतरला ते फक्त मावशीने पाहिलं.

पंधरा दिवसांनी बाप हात टेकून परत आला. "मावशी, लावतच नाही हो ती. बुटांच्या खोक्यात लपवून ठेवते. शाळेत ढापणी म्हणतात म्हणे."

"शाळेतल्यांचं सोडा," मावशी म्हणाली. "छान दिसायचं तर चष्मा काढ, असं तिला पहिल्यांदा कोण म्हणालं?"

बापाला काही आठवेना. मावशीने आठवण करून दिली. तो ओशाळला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला कधी सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मावशीने नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला कॅमेरा घ्यायचाय."

नवरा पाणपंप दुरुस्त करायचा. हातातला नट तसाच धरून तो म्हणाला, "कॅमेरा? आणि ज्यासाठी पैसे साठवतोय तो सोफा?"

"सोफ्यावर बसायला आपल्याला वेळ कुठे असतो?"

हे त्याला पटलं. "मग चांगला दणदणीत घे," तो म्हणाला. "घ्यायचाच तर मोठा."

रविवारी दोघं बाजारातल्या चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणाने एक लांबलचक लेन्स काढून तिच्या हातात दिली. बाटलीएवढी जाड आणि पोटाशी धरावी लागेल इतकी जड.

"मॅडम, ही घ्या. यात जवळचंही येतं, लांबचंही येतं. चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात."

"मला चंद्राला चष्मा लावायचा नाहीये," मावशी म्हणाली. "मूल सात फुटांवर बसलेलं असेल. खोलीत उजेड बेताचा. फ्लॅश नको, काचेवर मारतो. चालेल ही?"

तरुणाने कॅमेऱ्यात किती कोटी ठिपके आहेत ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कडेवरचं बाळ त्या लेन्सचं तोंड आपल्याकडे वळलेलं पाहून घाबरलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलं. मावशीने लेन्स हळूच काउंटरवर ठेवली. नवऱ्याला ती फार आवडली होती. बाहेर पडताना तो दोनदा मागे वळून बघत होता.

जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारे एक आजोबा आहेत, असं तिला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. नवऱ्याला घेऊन ती तिथे गेली. एका छापखान्याच्या वर, अरुंद जिन्याने चढून गेल्यावर त्यांची खोली. टेबलावर मखमली कापड, त्यावर तांदळाच्या कणीएवढे स्क्रू, आणि आजोबांच्या स्वतःच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा.

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय टिपायचंय?"

"मुलं. चष्मा लावलेली."

"किती अंतरावरून? खिडकी कुठल्या बाजूला?"

मावशीने पर्समधून कागद काढून उलगडला. दुकानाचा नकाशा तिने स्वतः टेपने मोजून काढला होता. मुलाची खुर्ची, खुर्चीपासून समोरच्या कपाटापर्यंत सात फूट, डावीकडे खिडकी, वर ट्यूबलाइट. खुर्चीत बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर येतात, तेसुद्धा.

आजोबांनी आता मान वर केली. कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "तीस वर्षांत माप घेऊन आलेलं पहिलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "बस पोरी."

त्यांनी एक जुनासा, हाताळलेला कॅमेरा काढला आणि तीन लेन्स ओळीने मांडल्या. पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी. "आकडा लहान तितका पसारा जास्त दिसतो आणि जवळ जावं लागतं. आकडा मोठा तितकं मागे सरकावं लागतं. मी सांगणार नाही कुठली घे. तूच बघ."

हे काम मावशीच्या ओळखीचं होतं. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत तिने हजारदा ऐकलं होतं, आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं? तिने आजोबांनाच खुर्चीत बसवलं, टेपने सात फूट मोजले, तिथे खडूने रेघ मारली आणि नवऱ्याला सांगितलं, "या रेघेमागे भिंत आहे असं समजा. मला मागे जाऊ देऊ नका."

पस्तीसने रेघेवरून आजोबांबरोबर त्यांचं टेबल, कपाट आणि कॅलेंडरही आलं. चेहरा मोठा यावा म्हणून ती अडीच फुटांवर गेली, तर फोटोत आजोबांचं नाक बाकीच्या चेहऱ्याच्या आधीच येऊन पोचलेलं. आजोबांनी पडद्यावर पाहून नाक चाचपलं. "असं आहे होय?"

पंच्याऐंशीने चेहरा इतका सुंदर आला की नवऱ्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पण रेघेवरून कसाबसा कपाळ ते हनुवटी एवढाच मावत होता. आजोबांनी जरा मान हलवली की एक कान बाहेर. "मुलं काही तुमच्यासारखी शहाण्यासारखी बसणार नाहीत," मावशी म्हणाली. एक पाऊल मागे घ्यायचा मोह तिला झाला, पण नवऱ्याने इमानेइतबारे तिच्या पाठीला हात लावून ठेवला होता.

पन्नासने काम झालं. डोकं, खांदे, छातीशी घेतलेले हात, आणि चारही बाजूंना मुलाला हलायला थोडी मोकळी जागा. लेन्सही लिंबाएवढी. बाळ घाबरेल असं तिच्यात काहीच नव्हतं. शिवाय या कॅमेऱ्याचा पडदा बाहेर उघडायचा, म्हणजे कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून वरून बघता यायचं. चेहरा कॅमेऱ्यामागे लपवायला नको. मूल मावशीकडे बघणार, यंत्राकडे नाही.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, पण ती पंच्याऐंशी..." नवरा कुरकुरला.

"आपल्या दुकानाला तेवढी लांबी नाही."

कॅमेरा पिशवीत घालताना आजोबांनी बजावलं, "लेन्सचं तोंड पूर्ण उघडलंस तर उजेड भरपूर मिळेल, पण नजर उथळ होईल. एक गोष्ट स्पष्ट, बोटभर मागची धूसर. ध्यानात ठेव." मावशीने मान डोलावली. ऐकलं, पण डोक्यात उतरलं नाही.

ते उतरलं पुढच्या दहा दिवसांत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मुलाचा, आईबापांना विचारून, तिने फोटो काढला. दोनशेच्या वर झाले. घरी मोठ्या पडद्यावर लावून पाहिले तर सगळ्यांत चष्म्याची फ्रेम कशी लखलखीत, तिच्यावरचा बारीक ओरखडासुद्धा दिसावा, आणि मागचे डोळे दुधात बुडाल्यासारखे. काचांवरचे पांढरे डागही जिथल्या तिथे.

"फ्रेमची जाहिरात करायला उत्तम आहेत," नवरा म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने चहा टाकायला घेतला.

मावशी रडली नाही. ती चिडली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तासभर ती येऊन बसली. खुर्चीवर उशी उभी केली, उशीला चष्मा घातला आणि एकेक गोष्ट बदलून बघू लागली. लेन्सचं तोंड दोन घरं बारीक केलं, तशी फ्रेमबरोबर मागची उशीची शिवणही स्पष्ट झाली. पडद्यावरचा छोटा चौकोन बोटाने सरकवून नेमका डोळ्याच्या जागी नेता येतो, हेही कळलं. डाग कुठून येतात ते शोधायला तिने ट्यूबलाइट बंद केला. वरचा डाग गेला. खुर्ची फिरवून खिडकी बाजूला घेतली. मोठा डाग सरकून कडेला गेला, पण पुरता जाईना. तेव्हा तिने चष्म्याच्या दांड्या कानाच्या जागेपासून जरा वर उचलल्या, जेमतेम नखभर. काचा किंचित खाली झुकल्या. डाग गेला! बावीस वर्षं ती दांड्या वाकवत होती, तिला ते सुचणार नाही तर कोणाला? कुठल्या फोटोवाल्याला दांडीला हात लावायची कधी बुद्धी झाली नव्हती.

आता एकच अडचण उरली. लेन्सचं तोंड बारीक केलं, ट्यूबलाइट बंद केला, मग उजेड आणायचा कुठून? खिडकी मोठी होती, पण तिच्यावर आडवंतिडवं एक भलंमोठं चित्र चिकटवलेलं. फ्रेमच्या कंपनीने दिलेलं. त्यात एक देखणा पुरुष चष्मा लावून क्षितिजाकडे बघत होता.

"मालक, हे काढू या."

"बाई, वेड लागलंय का? शोभा आहे ती दुकानाची!"

"मालक, तुम्ही नीट बघितलंय का कधी त्याला?"

मालक जवळ गेले. मावशीने बोट ठेवलं. "त्याच्या फ्रेममध्ये काचाच नाहीत. चमकू नये म्हणून काढून टाकल्यात. आठ वर्षं आपण चष्म्याच्या दुकानावर बिनकाचेचा चष्मा लावून बसलोय."

मालकांनी डोळे बारीक करून बघितलं. मग स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हात्तिच्या!" ते म्हणाले आणि त्यांनीच एक कोपरा धरून टरकन ओढला. दुकानात आठ वर्षांनी ऊन आलं. कपाटांवर इतकी धूळ दिसली की पहिले दोन तास सफाईतच गेले.

मुंगीला तिचा बाप शनिवारी घेऊन आला. ती पायांकडे बघत आली, चष्मा बापाच्या खिशात. मावशीने फोटोचं नावही काढलं नाही. दांड्या तपासायच्या आहेत एवढंच म्हणाली. तिने चष्मा बसवला, नखभर वर उचलला आणि विचारलं, "मुंगे, समोरच्या छपरावर कबुतरं किती बसलीत ते मला दिसत नाही गं. मोजतेस?"

मुंगीने नाक मुरडलं. मग मोजायला लागली. "पाच... सहा... सात." ती पुढे झुकली. मावशी सात फुटांवर, कपाटाला पाठ लावून, कॅमेरा छातीशी धरून उभी होती. "सातच?"

"थांब ना, मावशी! आठ! एक मान आत घालून झोपलंय!" हे सांगायला मुंगी गर्रकन वळली, आणि तेवढ्यात मावशीचं बोट दाबलं गेलं.

फोटोत मुंगीचं तोंड अर्धवट उघडं होतं, पुढचा एक दात पडलेला, हनुवटी वर. आणि काचांमागे ते दोन टपोरे डोळे, पापणीन् पापणी मोजावी असे, कबुतर सापडल्याच्या आनंदाने भरलेले. आठव्या कबुतराचा शोध लावणारी एक बाई त्यात होती.

बाप पडद्यावर वाकला. मग म्हणाला, "मी हिला चष्मा काढ म्हणालो होतो."

मुंगीने कॅमेरा ओढून घेतला. बघितलं. परत बघितलं. "ही मी आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. "भिंतीवर लाव. पण खाली लाव, मला दिसेल असा."

म्हणून मावशीने फोटो खालीच लावले, मुलांच्या उंचीवर. महिन्याभरात भिंतीवर चोवीस चेहरे झाले. मोठ्या माणसांना ते बघायला वाकावं लागायचं आणि मुलांना त्याची फार मजा वाटायची. नवीन नंबर लागलेली मुलं रडत आत यायची, भिंतीपाशी उकिडवी बसायची आणि आपल्याला कोणाच्या शेजारी लावणार ते आधी ठरवून घ्यायची.

एका गुरुवारी दुपारी दुकानात फोन वाजला. मुंगीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आवाज तापलेला होता.

"तुम्हीच का त्या फोटोवाल्या मावशी? लगेच या. तुमच्या शिकवणीने आमचा वर्गाचा फोटो अडलाय."

झालं होतं असं. वर्षानुवर्षं शाळेचे फोटो काढणारे फोटोग्राफर आले होते. त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, "चष्मेवाल्यांनी चष्मे काढा." पहिल्या रांगेतली मुंगी म्हणाली, "नाही."

"बाळ, काच चमकते."

"मग तुम्ही नीट काढा."

ते ऐकून आणखी अकरा मुलांनी काढलेले चष्मे परत लावले आणि हाताची घडी घातली.

मालकांनी पूर्ण हकिगतही ऐकली नाही. "जा बाई, जा! मी बघतो दुकान!" मावशीने कॅमेरा, टेप आणि बारका स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि निघाली. चालता चालता ती पळायलाच लागली.

पटांगणात बाकांवर तीन रांगा उभ्या होत्या. फोटोग्राफर उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, लालबुंद झालेले. "बाई, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "काच चमकतेच."

"चमकतेच," मावशी म्हणाली. "मुलांच्या समोर काय आहे बघा. पांढरी भिंत, तिच्यावर ऊन. तीच काचेत उतरतेय. बाक फिरवून झाडांकडे तोंड करू या?"

बाक फिरले. मग मावशी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि बारा चष्म्यांच्या चोवीस दांड्या एकेक करून नखभर वर उचलल्या. एका मुलाचा ढिला स्क्रूही पिळून दिला. वर्ग माना उंचावून बघत होता.

"आता बघा," ती म्हणाली.

फोटोग्राफरांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्यांनी डोकं वर केलं. "नाही चमकत," ते हळूच म्हणाले. आणि मग जोरात, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं, "एकही नाही चमकत!"

वर्गाने अशी आरोळी ठोकली की झाडांवरचे पक्षी उडाले. फोटो काढला गेला तो त्या आरोळीतच.

फोटोग्राफर मिशांना पीळ देत मावशीपाशी आले. चाळीस वर्षांत आपण किती मुलांचे चष्मे उतरवले असतील, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यांनी फक्त एक बाक उचलून झाडाच्या सावलीत आणून ठेवला. "सुटे फोटो तुम्ही काढा. मी मुलं पाठवतो."

मावशीने टेप काढून सात फूट मोजले. मग तिच्या लक्षात आलं, इथे मागे कपाट नाही. तिने हसून टेप पिशवीत टाकला.

आधी बारा चष्मेवाले आले. त्यांच्यामागे ज्यांना चष्मा नव्हता तेही येऊन उभे राहिले. एका मुलाने तर डोळे चोळत सांगितलं, "मावशी, मला फळ्यावरचं दिसत नाही." तिने त्याला लांबच्या फाटकावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. ती त्याने घडाघडा वाचली आणि सगळे खो खो हसले. बिचारा हिरमुसला. त्याचा फोटो तिने आणखी दोनदा काढला.

रांग संपत आली तेव्हा शेवटी मुख्याध्यापिका उभ्या दिसल्या. त्या येऊन बाकावर बसल्या, केस नीट केले आणि सवयीने त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"काढायचा नाही!" पटांगण एका सुरात ओरडलं.

मुख्याध्यापिका दचकल्या. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांना हसू फुटलं, शाळेत कोणी कधी पाहिलं नव्हतं असं, डोळ्यांच्या कडेपर्यंत पोचलेलं. मावशीने ते सोडलं नाही.

पलीकडून फोटोग्राफरांनी हाक मारली, "मावशी, पुढचा वर्ग आणू का?"

"आणा," मावशी म्हणाली.